पटलेल्या उत्तराचा ताळा

चूक शोधावयास माणूस केव्हा निघतो, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. चूक झाली आहे असे कळले म्हणजे तो निघतो, असे उत्तर कोणीही देईल. परंतु चूक झाली आहे हे त्याला कळते तरी कशावरून? बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून: आलेले उत्तर त्याच्या अपेक्षेशी जुळत नाही यावरून. बेरीज अपेक्षेहून कमी आली की आपण आकडे वरपासून पुन्हा तपासतो. अपेक्षेइतकी आली की कागद पुढे सरकवतो. चूक मात्र आपली अपेक्षा विचारून होत नसते. न पटणाऱ्या उत्तरात ती जितक्या सहजतेने शिरते, तितक्याच सहजतेने ती पटणाऱ्या उत्तरातही शिरते. असे असता, न पटणारे उत्तर दहा वेळा तपासणाऱ्या आणि पटणारे एकदाही न तपासणाऱ्या मनुष्याला प्रामाणिक म्हणावे काय? त्याने कोठेही खोटे लिहिलेले नाही. एकही आकडा फिरवलेला नाही. तरीही वर्षानुवर्षे त्याच्या हातून जे कागद बाहेर पडतात, त्यांत त्याच्या मनाविरुद्धच्या चुका दुरुस्त झालेल्या असतात आणि मनाजोग्या चुका तेवढ्या शिल्लक राहिलेल्या असतात.

आकड्यांशी आणि टिपणांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्या आपणा नोकरवर्गाला हा प्रश्न परका नाही. त्याचा विचार मी येथे एका रुक्ष विषयाच्या आधाराने करणार आहे. तो विषय म्हणजे आंशिक सहसंबंध, आणि तो काढणाऱ्या संगणकाच्या प्रोग्राममधील चुकांचा शोध. नावाने बिचकण्याचे कारण नाही. त्यातली मूळ कल्पना आपल्या परिचयाची आहे, आणि कलकत्त्यात राहणाऱ्या मराठी माणसाला तर ती समजावण्यासाठी दूर जावयास नको.

आज ज्याला आपण फोर्ट विल्यम म्हणतो, आणि ज्याला अलीकडे आपल्या कोकणातील किल्ल्यावरून विजयदुर्ग असे नाव मिळाले आहे, त्या किल्ल्याचे बांधकाम प्लासीच्या लढाईनंतर सुरू झाले. त्यापूर्वी, १७४२ साली, नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरले, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. इतिहासात तो 'मराठा डिच' या नावाने प्रसिद्ध आहे, आणि बागबाजारातील एका गल्लीने ते नाव अजून जपले आहे. खंदक खणला गेला, आणि मराठे कलकत्त्यात आले नाहीत. या दोन गोष्टी जोडीने घडल्या. म्हणून खंदकानेच मराठ्यांना अडवले, असे म्हणावे काय? नियोजित सात मैलांपैकी जेमतेम तीन मैल खणून झाल्यावर काम थांबले होते, हे ध्यानात घेतले की शंका येऊ लागते. १७५६ साली सिराजउद्दौल्याची फौज शहरात शिरली, तेव्हा हा खंदक तिला रोखू शकला नाही, हे आठवले की शंका बळावते. शिवाय अलीवर्दीखानाशी चाललेला दीर्घ संघर्ष आणि चौथाई मान्य करणारा १७५१ चा तह यांचाही हिशेब करावा लागतो. दोन गोष्टी एकमेकींसोबत दिसल्या, तर त्यांचे सख्य त्यांचे स्वतःचे आहे की दोघींच्या मागे उभ्या असलेल्या तिसरीचे आहे, हे पाहावे लागते. हे पाहण्याची आकड्यांतली रीत म्हणजे आंशिक सहसंबंध.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका मोठ्या कार्यालयातील सर्व नोकरांचा पगार आणि त्यांच्या चष्म्याचा नंबर यांची तुलना केली, आणि दोहोंचा सहसंबंध ०.६० आला. संपूर्ण साथ असेल तर हा आकडा १ असतो, काहीच साथ नसेल तर ०, आणि संपूर्ण विरोध असेल तर −१; तेव्हा ०.६० हा काही लहान आकडा नव्हे. चष्मा जाड होत गेला की पगार वाढतो, असा याचा अर्थ कोणी करणार नाही. कारण मागे वय उभे आहे, हे सर्वांस दिसते. आता पगार आणि वय यांचा सहसंबंध ०.८०, आणि चष्मा व वय यांचा ०.७५ आहे असे धरा. रीत अशी, की मूळच्या ०.६० मधून या दोहोंचा गुणाकार वजा करावयाचा, आणि बाकीला एका ठरावीक भाजकाने भागावयाचे. ०.८० गुणिले ०.७५ म्हणजे बरोबर ०.६०. बाकी शून्य. म्हणजे एकाच वयाची माणसे घेतली, तर पगाराचा आणि चष्म्याचा काही संबंध उरत नाही. इंग्लंडमधील उडनी यूल या संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत रूढ केली, आणि तेव्हापासून पिके, पाऊस, रोगराई, दारिद्र्य अशा सर्व चौकशांत ती वापरली गेली आहे.

गोष्टी तीनच असतील तर हे गणित हाताने होते. त्या दहा-वीस असल्या की प्रत्येक जोडीसाठी बाकीच्या साऱ्या स्थिर धराव्या लागतात, आणि हे काम संगणकाकडे जाते. सर्व सहसंबंध उभ्या-आडव्या चौकटीत मांडतात. तिला मॅट्रिक्स म्हणतात. तिची व्यस्त मॅट्रिक्स काढावयाची, तिच्यातील प्रत्येक आकड्याला कर्णावरील दोन संबंधित आकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागावयाचे, आणि शेवटी चिन्ह बदलावयाचे: अधिकाचे उणे, उण्याचे अधिक. प्रोग्राम म्हणून लिहिले तर हे पाच-सहा ओळींचे काम आहे. इतक्या लहान कामात चुकीला जागा ती किती असणार, असे वाटते.

माझ्या परिचयातील एका तरुणाने असा प्रोग्राम लिहिला होता. प्रथम चालवला तेव्हा, ज्या दोन गोष्टी उघड उघड जोडीने वाढतात, त्यांत यंत्राने विरोध दाखवला. तो चमकला, आणि प्रत्येक ओळ तपासू लागला. शेवटचे चिन्ह बदलावयाचे राहिले होते. ते बदलताच आकडे पटण्याजोगे आले. मात्र कर्णावर, जेथे प्रत्येक गोष्टीचा स्वतःशीच असलेला संबंध असतो, तेथे सर्वत्र −१ उमटले. स्वतःचा स्वतःशी विरोध कसा असेल? म्हणून कर्णावर सरसकट १ लिहावा, अशी एक ओळ त्याने जोडली, आणि काम संपले असे मानले.

यात गैर असे काहीच नाही. सूत्र सर्वत्र सारखे लावले तर कर्णावर −१ येणारच, आणि तेथे १ लिहिणे हा रूढ संकेत आहे. परंतु त्या एका ओळीने काय पुसले जाते, ते पाहण्यासारखे आहे.

समजा, आपल्यासारख्या परगावी राहणाऱ्या नोकरांच्या पगाराचे तीन भाग मांडले: घरखर्च किती टक्के, गावी पाठवलेली रक्कम किती टक्के, आणि शिल्लक किती टक्के. तिन्हींची बेरीज नेहमी शंभर. येथे शिल्लक स्थिर धरली, तर घरखर्च वाढला की गावी जाणारी रक्कम तितकीच घटली पाहिजे. उत्तर −१ असणार, हे सांगावयास संगणकही नको. परंतु अशा तीन आकड्यांच्या मॅट्रिक्सला खऱ्या अर्थाने व्यस्त मॅट्रिक्स नसतेच, कारण तिसरा आकडा पहिल्या दोहोंतच दडलेला असतो. येथे शून्याने भागण्याची पाळी येते. माणूस शून्याने भागताना थांबतो. यंत्र पुष्कळदा थांबत नाही. पंधराव्या-सोळाव्या दशांशस्थळापाशी आकडे तोडावे लागत असल्यामुळे, जेथे शून्य यावयास हवे तेथे त्याच्याजवळ एखादा अतिसूक्ष्म आकडा येतो, आणि त्याने भागून यंत्र निमूटपणे पुढे जाते. तो सूक्ष्म आकडा शून्याच्या वर पडला तर उत्तर −१ येते. तो शून्याच्या खाली पडला तर तेच उत्तर +१ येते. म्हणजे शिल्लक तेवढीच राहून घरखर्चही वाढतो आणि गावी जाणारी रक्कमही वाढते! शंभरातून हे कसे साधावे, ते यंत्र सांगत नाही.

हे +१ कोणाला खटकेल? ते १ व −१ यांच्या मर्यादेत आहे. चौकट दोन्ही बाजूंनी सारखी आहे. आणि पोराबाळांचा खर्च सोसूनही मराठी माणूस गावच्या माणसांना विसरत नाही, असे वाटण्यात आपल्याला एक प्रकारचे समाधानही आहे. ही चूक दाखवणारा एकच साक्षीदार होता, आणि तो कर्णावर होता. सूत्र निकोप चालले असेल तर तेथे −१ येतो. या बिघाडात तेथे +१ येतो. रोग झाला की कर्ण निरोगी दिसू लागतो. कर्णावर काय उमटले ते न वाचताच सरसकट १ लिहिला, की निकोप आणि रोगी यांतला भेद नाहीसा होतो.

आपल्याकडे शाळेत नऊचा ताळा शिकवीत. गुणाकार बरोबर आहे की नाही हे अंकांची बेरीज करून पाहण्याची ती युक्ती. ती उपयुक्त आहे, पण ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले तर तो ताळा जुळतो आणि उत्तर चुकलेले राहते. आकडा मर्यादेत आहे, चौकट दोन्ही बाजूंनी सारखी आहे, या कसोट्या नऊच्या ताळ्याच्या जातीच्या आहेत. त्या न जुळल्या तर चूक निश्चित. जुळल्या तर मात्र काहीच निश्चित नाही. खरी कसोटी वेगळी असते. ज्याचे उत्तर आधीच हाती आहे असे उदाहरण यंत्राला घालावे: वरचे पगार-चष्म्याचे घातले तर शून्य आले पाहिजे, तिन्ही सहसंबंध ०.५० घातले तर प्रत्येक जोडीला एकतृतीयांश आले पाहिजे. किंवा तेच उत्तर अगदी दुसऱ्या वाटेने काढावे: दोन्ही गोष्टींतून इतरांचा प्रभाव आधी वजा करावा, आणि उरलेल्या बाक्यांचा सहसंबंध पाहावा. दोन वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या तर विश्वास ठेवावा. या कसोट्यांची गोम अशी, की उत्तर आपल्याला आवडले की नाही, याची त्या दखलच घेत नाहीत.

याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. आकड्यांवरून माणसांची पायरी ठरवली जाते, तेव्हा पुष्कळ बिघडते. आणि याचे एक ठळक उदाहरण याच शहरात घडलेले आहे. बंगालच्या मुलकी सेवेतील हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने हजारो माणसांची डोकी व नाके मोजविली, आणि १८९१ साली बंगालच्या जातीजमातींवरील त्याचे ग्रंथ कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. त्यावरून त्याने असा सिद्धांत मांडला, की नाक जितके रुंद तितकी जातीची सामाजिक पायरी खालची. पुढे १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला, आणि त्या जनगणनेत जाती सामाजिक श्रेष्ठतेच्या क्रमाने लावण्याचा घाट घातला गेला. हा सिद्धांत राज्यकर्त्यांना पटला आणि आपल्यातील वरच्या पायरीवरच्या पुष्कळांनाही पटला, हे सांगावयास नको. ज्यांची नाके मोजली गेली, त्यांचे मत कोणी विचारले नाही.

या सिद्धांताचा ताळा पाहणाऱ्यांत एक आपला माणूस होता. मालवणला जन्मलेले, मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात ही मापे प्रांतवार वेगळी करून पाहिली. नाकाचे माप आणि जातीची पायरी यांचा मेळ त्यांना हिंदुस्थान प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, दिसला. इतर प्रांतांत तो तसा दिसला नाही. त्यांनी हे काम मॅट्रिक्स मांडून केले नव्हते. तथापि विचाराची रीत तीच आहे: साऱ्या देशाचा एक नियम म्हणून जे सांगितले जाते, ते प्रांत स्थिर धरल्यावर किती उरते, हे पाहणे. दुसऱ्याच वर्षी, १९३३ साली, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 'संख्या' या आपल्या नव्या नियतकालिकात रिस्लेच्या बंगालविषयक मापांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. छापील सरासऱ्या त्यांनी मूळ मापांवरून पुन्हा काढल्या आणि दुरुस्त केल्या.

या प्रकरणात रिस्लेच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याने केवळ सरासऱ्या छापून मूळ मापे पेटीत बंद करून ठेवली नाहीत. माणसागणिक मापे छापली. त्याचा निष्कर्ष काळाच्या कसोटीस उतरला नाही, आणि त्याने माणसांचे नुकसानही केले. परंतु त्या निष्कर्षाचा ताळा इतरांना पाहता आला, तो त्याने कर्ण पुसला नव्हता म्हणून. याउलट हेतू अत्यंत शुद्ध असलेला एखादा मनुष्य मूळ कागद न ठेवता केवळ उत्तर देत असेल, तर त्याच्या शुद्ध हेतूचा चूक सुधारण्यास काडीचा उपयोग नाही.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. सर्वच उत्तरे सारख्या कसोशीने तपासावयाची म्हटली तर जगात एकही फाईल निकालात निघणार नाही. शिवाय अपेक्षा ही काही निव्वळ लहर नसते. ती अनुभवातून आलेली असते. जे अनुभवाशी विसंगत, त्यावर अधिक संशय घेणे हे शहाणपणाचेच लक्षण आहे. वीस वर्षे हिशेब पाहणाऱ्याची नजर एखाद्या आकड्यावर अडखळते, तेव्हा पुष्कळदा तेथे खरोखरच काही तरी असते.

हे मला मान्य आहे. परंतु त्यात दोन गोष्टींची गल्लत होते आहे. अनुभवाला जे विसंगत आणि इच्छेला जे विसंगत, ही दोन वेगळी आहेत, आणि मन ती आपल्या सोयीने एक करते. शिल्लक तेवढीच ठेवून दोन्ही खर्च वाढतात हे उत्तर अनुभवाला विसंगत होते; इच्छेला ते सुसंगत होते, म्हणून ते खटकले नाही. दुसरे असे, की अनुभव शोध कोठून सुरू करावा हे सांगू शकतो. शोध कोठे थांबवावा हे ठरवण्याचा अधिकार त्याला देता येत नाही. उत्तर पटेपर्यंत दुरुस्त्या करीत जायचे आणि पटले की थांबायचे, असे केले तर शेवटी जे हाती येते ते आपल्याच अपेक्षेचे प्रतिबिंब असते. त्यासाठी एवढे मोजमाप करण्याचे कारणच नव्हते. वरिष्ठांच्या मनातला निर्णय ओळखून त्याला अनुकूल होतील अशी कागदपत्रे जोडणाऱ्या टिपणाची जी किंमत, तीच अशा गणिताची.

तेव्हा सर्व काही तपासा, असा उपदेश मला करावयाचा नाही. तो कोणाच्याच हातून पाळला जाणार नाही. म्हणणे एवढेच आहे, की तपासणी केव्हा पुरी झाली हे उत्तर पाहण्यापूर्वी ठरवावे. तीन कसोट्या लावावयाच्या असतील तर तीनच लावाव्या. पण त्या नावडत्या उत्तराला जशा लावल्या तशाच आवडत्यालाही लावाव्या. जे पुसावयाचे आहे ते पुसण्यापूर्वी एकदा वाचावे. आणि शक्य असेल तेथे ताळा दुसऱ्याच्या हाती द्यावा. महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाच्या पाहण्यांत हीच युक्ती योजिली होती: एकाच प्रदेशातील नमुने एकमेकांत गुंतलेल्या दोन संचांत विभागावयाचे, प्रत्येक संच वेगळ्या तुकडीने मोजावयाचा, आणि दोन्ही तुकड्यांचे निष्कर्ष शेजारी ठेवावयाचे. त्यांचा आपल्या माणसांवर विश्वास नव्हता असे यावरून म्हणता येणार नाही. चूक केवळ अप्रामाणिक माणसाच्याच हातून होते असे नाही, एवढे त्यांनी ओळखले होते.

प्रामाणिकपणा ही मनाची अवस्था आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोणालाही फसवण्याचा हेतू मनात नसला की आपण स्वतःला प्रामाणिक मानून मोकळे होतो. जोवर माणूस एकटा होता आणि त्याचे बोलणे समोरच्या चार माणसांपुरते होते, तोवर ही व्याख्या कदाचित पुरत असेल. आज आपल्या टेबलावरून गेलेला आकडा कोठे जाऊन कोणाच्या वाट्याला येतो हे आपल्याला दिसतही नाही. कोठल्या गावाला बांध मिळावा, कोणत्या वर्गाला सवलत मिळावी, कोणाचे नाव यादीत राहावे, हे अशाच आकड्यांवरून ठरते, आणि ते काढणारी यंत्रे दिवसेंदिवस अधिक वेगाने व अधिक मुकाट्याने काम करीत आहेत. अशा ठिकाणी प्रामाणिकपणा केवळ मनात असून भागत नाही. तो कामाच्या मांडणीत उतरावा लागतो. आपली चूक झालीच, तर ती दुसऱ्याला सापडेल अशी वाट आपण मोकळी ठेवली आहे की नाही, याचे उत्तर त्या कामाच्या कागदांतच असते. आणि ते वाचणारा मनुष्य आपल्याला ओळखत असण्याची काही आवश्यकता नसते.